बाटली आडवी झाली, माणसाचं काय?



मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी दारूबंदीचा मेळावा झाला. मंडपात चार-पाचशे बाया होत्या. गाणी झाली, घोषणा झाल्या. एका आजीनं आपल्या नवऱ्याची हकीकत सांगितली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या कितीतरी जणींनी पदर डोळ्याला लावला. शेवटी ठराव वाचले गेले. गावोगावची बेकायदा दारू बंद करा, हा पहिला. मी हात वर केला. हप्ते खाणाऱ्यांवर कारवाई करा, हा दुसरा. तो तर मीच लिहून दिला होता. तिसरा ठराव असा होता : ‘दारू वा इतर नशा करणाऱ्यास ग्रामपंचायतीने कोणताही दाखला देऊ नये, त्याच्या घरास शासकीय योजनेचा लाभ मिळू देऊ नये, व नशा करणारी स्त्री असल्यास तिला बचत गटातून कमी करावे.’

टाळ्या पडल्या. माझा हात मांडीवरच राहिला.

जीपमधून परत येताना माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीनं सगळ्यांसमोर विचारलं, “तू नेमकी कुणाच्या बाजूची गं?” वीस वर्षं आम्ही दोघी एका ताटात जेवलोय, एका कोठडीत बसलोय. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, घसा भरून आला. पण हा ठराव येत्या २ ऑक्टोबरला गावोगावच्या ग्रामसभांत मांडायचं ठरलंय. म्हणून गप्प बसून चालणार नाही.

आधीच सांगून टाकते, दारूबद्दल मला कसलंही ममत्व नाही. माझ्या वडिलांनी आईचं डोरलं विकलं, दोन शेळ्या विकल्या, आणि एका रात्री माझ्या अंगावर चुलीतलं पेटतं लाकूड फेकलं. त्याचा डाग अजून कोपरावर आहे. मी चळवळीत आले ती हा डाग घेऊनच आले. तेव्हा ‘हिला घरात दारूडा म्हणजे काय ते माहीत नाही’ असं कुणी म्हणू नये.

२०११ साली आमच्या गावात उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान झालं. ज्यांनी ते केलंय त्यांना माहीत आहे, ते किती अवघड असतं. मतदानाला आलेल्या बायांपैकी निम्म्या पुरत नाहीत. यादीत नाव असलेल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमचा बीड जिल्हा ऊसतोडीचा. यादीतल्या निम्म्या बाया दिवाळीनंतर गावात नसतातच. आम्ही कारखान्यांच्या तळांवर जाऊन, कोप्यांत बसून बायांना विनवलं, एका दिवसासाठी गाडी करून त्यांना गावी आणलं. मुकादमांनी खाडा लावला तो लावलाच. आणि आम्ही जिंकलो. देशी दारूच्या दुकानाला सील लागलं. ओढ्याकाठच्या हातभट्ट्या आम्ही त्याआधीच्या आठवड्यात फोडल्या होत्या. गुलाल उधळला, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. त्या फोटोत मी पुढंच आहे.

चौथ्या दिवशी गावात एक मयत झालं. आमच्याच गटातल्या एका बाईचा नवरा. वय चाळीसच्या आत. तो सकाळी उठल्याउठल्या प्यायचा, प्याल्याशिवाय त्याला चहाचा कपही धरता यायचा नाही. दुकान बंद झालं त्या रात्रीपासून त्याचं अंग थरथरायला लागलं. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि घाम. तिसऱ्या रात्री त्याला आढ्यावर साप दिसायला लागले, पोलीस दिसायला लागले. लोक म्हणाले बाहेरचं झालंय. त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून घातलं आणि देवऋषी आणला. बायको माझ्याकडे आली होती. मी तिला काय सांगितलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, “दोन दिवस कळ काढ, अंगातली दारू उतरायला लागली की असंच होतं. आता मऊ पडू नको.” चौथ्या दिवशी त्याला तापानं फणफणून झटके आले. ग्रामीण रुग्णालयाच्या वाटेवर जीपमध्येच तो गेला.

दहाव्याला गेले तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली, “बाटली आडवी केली ताई तुमी. माजं माणूसबी आडवं झालं.”

गाव म्हणालं, दारूनं मेला. आम्हीही तेच म्हटलं, एका सभेत तर त्याचं उदाहरणही दिलं. खरं काय ते मला पाच वर्षांनी एका सरकारी डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. रोज सकाळपासून पिणाऱ्याचं शरीर दारूला इतकं सरावतं, की ती एकाएकी थांबली तर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास, भ्रम आणि जोराचा ताप येतो. उपचार झाला नाही तर त्यात माणूस दगावतो. आणि उपचार म्हणजे काही मुंबईचं मोठं हॉस्पिटल लागत नाही. क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या रोज कमी कमी करत द्यायच्या, थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-१ द्यायचं, पाणी, शांत खोली, आणि उशाशी एक जागं माणूस. खेड्यातले डॉक्टर अशा माणसाला हटकून ग्लुकोजची सलाईन लावतात. बी-१ दिल्याशिवाय नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे त्या बाईंनी मला दोनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. पंधरा वर्षं दारूच्या प्रश्नावर भाषणं करणाऱ्या माझ्या वहीत ते तोवर नव्हतं.

मी बंदीच्या विरोधात बोलत नाहीये. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरच्या बाया वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या तेव्हा २०१५ साली तिथं बंदी आली, आणि २०२१ साली सरकारनं ती एका निर्णयासरशी उठवली. नेल्लोरच्या दुबागुंटा गावातल्या साक्षरता वर्गातल्या बायांनी १९९२ मध्ये जे पेटवलं त्यातून आंध्रात आधी अरक आणि मग १९९५ ला सगळी दारू बंद झाली, तीही १९९७ ला मागं घेतली गेली. सरकारला महसूल हवा असतो, आणि आपली मागणी त्याच्या तिजोरीला नडते. हे सगळं आपण एकमेकींना शिबिरात सांगतोच. पण या साऱ्या इतिहासात एक माणूस कुठंही बोलताना दिसत नाही. पिणारा. आणि पिणारी तर नाहीच नाही. आपल्या पोस्टरवर तो लाल डोळ्यांचा राक्षस असतो, पथनाट्यात झोकांड्या खाणारा विदूषक. विक्रोळीला डिसेंबर २००४ मध्ये, मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूनं माणसं शेकड्याच्या हिशेबानं मेली, तेव्हाही आपण पत्रकं काढली ती दारूवाल्यांच्या आणि पोलिसांच्या विरोधात. ते बरोबरच होतं. पण प्यायल्यावर डोळ्यापुढं धूसर दिसायला लागलं तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठा, एवढी एक ओळ त्या पत्रकात नव्हती. का नव्हती? कारण पिणारा ते पत्रक वाचेल, हे आपल्या मनातच आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. हीही माझीच चूक आहे.

२०१३ साली आमच्या बचत गटातून आम्ही एका बाईला काढलं. ठराव मी मांडला. ती ऊसतोडीला जायची. नवरा टाकून गेल्यावर अर्धा कोयता म्हणून एकटीच. अठ्ठाविसाव्या वर्षी तिची पिशवी काढलेली. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ ला विधिमंडळात गाजला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या निघत होत्या. ऑपरेशनपासून तिची कंबर धरलेली. रात्री दोनला उठून गाडी भरायची, दिवसभर वाकून तोडायचं. कुणीतरी घोटभर दिली, दुखणं थांबलं, झोप लागली. मग ती रोजची झाली. सभेत तिनं हे काहीच सांगितलं नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. तिनं फक्त उठून जाताना माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या अध्यक्षबाईंकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, “ह्यांच्या तोंडात ती मिशरी हाय, ती चालती का?” सगळ्या हसल्या. अध्यक्षबाई दिवसातून पाच वेळा मिशरी लावायच्या. गटातल्या निम्म्या जणी लावतात. तंबाखू भाजून दाताला लावली की ते व्यसन नव्हे, दात घासणं!

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’नं केलेली देशभराची पाहणी २०१९ ला बाहेर आली. तिच्यात शंभर पुरुषांमागं सत्तावीस दारू पिणारे निघाले, आणि बाया शंभरात दोनही नाहीत. या आकड्याला मी हात जोडते. पण जिथं कबूल केलं की गटातून नाव जातं, नवरा घराबाहेर काढतो, पोरं काढून घेतात, तिथं कोणती बाई पाहणीवाल्याला खरं सांगेल? त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, तो मात्र मी कधी विसरत नाही. दारूवाचून ज्यांचं चालत नाही अशा अडतीस माणसांमागं एकालाच कुठलीतरी मदत मिळाली होती. दवाखान्यात भरती होऊन उपचार तर एकशेऐंशींत एकाला. बाकीचे कुठं जातात? देवऋष्याकडं, मांत्रिकाकडं, आणि एस.टी. स्टँडच्या भिंतीवर ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं त्या नंबरावर.

या ‘न सांगता’वर मला थोडं बोलू द्या, कारण ते आपण बायाच करतो. जेवणात, चहात पूड घालतो. त्यात काय असतं कुणाला ठाऊक नसतं. काहींत डायसल्फिराम असतं. ते औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनं. ते पोटात असताना माणूस प्याला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. नवऱ्याच्या माराला कंटाळलेली बाई ती पूड घालते, तिला मी दोष देत नाही. तिला दुसरं काही आपण दिलंच नाही. आणि ज्यांना दिलं, त्यांना कसल्या केंद्रांत पाठवलं? आमच्या तालुक्यातल्या एका पोराला घरच्यांनी पैसे भरून एका खाजगी केंद्रात ठेवलं होतं. पोरगं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्या घ्यायचं. तीन महिन्यांनी परत आलं ते पायाला साखळीचे वळ घेऊन. साखळीनं बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरळ बंद केलंय, आणि दारू-नशेमुळं होणारे मानसिक आजार त्या कायद्यात येतात. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? बाईला डांबून ठेवलं तर आपण मोर्चा काढतो. या पोराच्या वेळी आपण म्हटलं, बरं झालं, सुधारेल.

ज्या बाईला आम्ही गटातून काढलं होतं तिनं पुढं जे केलं, ते आम्ही कुणी केलं नाही. २०१६ च्या हंगामात सांगली भागातल्या एका कारखान्याच्या तळावर ती आजारी पडली. थरथर, भास, सगळं. शेजारच्या कोपीतल्या म्हाताऱ्यानं तिला ओळखलं, कारण तो स्वतः त्यातून गेलेला होता. त्यानं तिला बांधलं नाही की देवऋषी आणला नाही. रात्रभर उशाशी बसला, पाजता आलं तेवढं पाणी पाजलं, आणि उजाडताच बैलगाडीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. ती वाचली. गावी आल्यावर ती पहिली कुणाकडं गेली असेल? त्या विधवेकडं, जिचा नवरा २०११ ला गेला. दोघींनी मिळून सुरू केलं. मला तर सहा महिने कळलंही नाही.

आज सोमवारी संध्याकाळी, बाजार उठल्यावर, जुन्या चावडीच्या मागं आठ-दहा माणसं बसतात. त्यात तीन बाया असतात. कुणी वर्षानुवर्षं सोडलेली, कुणी महिनाभर सोडलेली, आणि कुणी त्याच दिवशी पिऊन आलेला. हो, पिऊन आलेल्यालाही बसू देतात. अट एवढीच की भांडण करायचं नाही, आणि इथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. ‘सोडतोस का नाही ते आधी सांग’ असं तिथं कुणी विचारत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. मी उपदेश करायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “ताई, इथं ऐकायचं असतंय.”

तिथं ते एकमेकांना काय सांगतात ते ऐका. सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम सोडू नये, आधी आरोग्य केंद्रात जावं, आणि त्यातल्या एकानं सोबत जावं, कारण एकटा गेला तर हाकलतात. उपाशीपोटी पिऊ नये. पिऊन मोटारसायकलला हात लावू नये, किल्ली सोबत्याकडं द्यावी. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र कधीच नको. बेशुद्ध पडलेल्याला उताणं टाकून जाऊ नये, उलटी घशात अडकून मरतो, कुशीवर वळवावं. ज्याला टीबी आहे त्याची दारू सुटली नाही तरी गोळी सुटता कामा नये, डोळे पिवळे दिसले की लगेच डॉक्टर. (आशाताई सांगतात, पिऊन गोळ्या खाऊ नको. मग तो दारू नाही, गोळ्याच सोडतो.) पगार हातात पडायच्या दिवशी सोबती सोबत जातो आणि निम्मे पैसे बायकोच्या हातात पडेपर्यंत हलत नाही. शहाण्या लोकांच्या भाषेत याला हार्म रिडक्शन म्हणतात, म्हणजे होणारी हानी कमी करणं. चावडीमागच्या लोकांना तो शब्द माहीत नाही. ते म्हणतात, आधी जीव वाचू दे.

आणि दसऱ्यानंतर हीच माणसं ऊस तोडायला जातात. जिल्ह्याच्या ठिकाणचं व्यसनमुक्ती केंद्र काही त्यांच्यासोबत फडात जात नाही. उचल घेतलेली, खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार. महिनाभर भरती व्हायला कोण सोडणार? पण सोबती शेजारच्या कोपीत असतो. रात्री दोनला तोच असतो. खेड्यातल्या आणि स्थलांतर करणाऱ्या माणसांसाठी मला तरी याहून चांगली दुसरी व्यवस्था दिसलेली नाही. बरी झालेली माणसं नव्या रुग्णांना सांभाळतात हे पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून दाखवून दिलंय. पण मुक्तांगणही पुण्यात आहे, आणि पुणं लांब आहे.

हे आपल्या चळवळीला परकं आहे का? सांगलीला ‘संग्राम’चं काम १९९२ मध्ये सुरू झालं, १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायांनी स्वतः निरोध वाटले, स्वतः एकमेकींना दवाखान्यात नेलं. आधी धंदा सोड, मग मदत करू, असं त्यांनी एकमेकींना म्हटलं नाही. तेव्हाही आपल्यातल्या कितीजणींनी नाकं मुरडली होती, आठवतं? ‘हे तर धंद्याला उत्तेजन!’ आज आपणच शिबिरांत त्यांना व्यासपीठावर बोलावतो. मग तोच नियम नशा करणाऱ्याला का नाही?

दारूच्या पलीकडचं उदाहरण हवं तर मणिपूरकडं बघा. त्याचं आपल्याशी नातं आहे, कारण तिथल्या बायाही आपल्यासारख्याच नशेविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘निशाबंदी’ म्हणून त्या रात्री गस्त घालायच्या, पिणाऱ्याला पकडून दंड करायच्या. त्यातूनच पुढं मशाली घेतलेल्या मेइरा पाइबी झाल्या. मग म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन आलं, सुया आल्या, आणि १९९० च्या सुमारास एच.आय.व्ही.. सुईनं नशा करणाऱ्या पोरांत निम्म्याहून अधिकांना लागण झाली. काही सशस्त्र गटांनी अशा पोरांच्या पायात गोळ्या घातल्या, धडा शिकवायला म्हणून. त्यानं नशा थांबली नाही. पोरं लपून, एकच सुई चौघांत वापरायला लागली. मग त्याच पोरांपैकी बाहेर पडलेल्यांनी इंफाळमध्ये संस्था काढल्या, वापरलेली सुई घ्यायची आणि नवी द्यायची असं काम सुरू केलं. १९९६ मध्ये मणिपूर सरकारनं आपल्या एड्स धोरणात या कामाला जागा दिली. पुढच्या काळात लागणीचं प्रमाण खाली आलं. आता तर सुया देणं आणि हेरॉइनऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणं हे केंद्र सरकारच्या एड्स कार्यक्रमातच आहे. म्हणजे जे दिल्लीच्या सरकारला मान्य आहे, ते आमच्या तालुक्याच्या मेळाव्याला मान्य नाही! १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा सेवनाला गुन्हा मानतो, त्या कायद्यातसुद्धा स्वतःहून उपचाराला तयार होणाऱ्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. आमच्या तिसऱ्या ठरावात तीही नाही.

आता माझ्या मैत्रिणीचा खरा राग. “बाईच्या पाठीवर वळ उठलेत आणि तू त्याला कुशीवर झोपवायला शिकवतेस?”

हा राग मी खोटा म्हणणार नाही. पण आपण एक गोष्ट स्वतःशीच नीट बोललेलो नाही. दारू प्याल्यामुळं तो मारतो, असं आपण म्हणत राहिलो आणि मारणाऱ्याला आयतं निमित्त दिलं. तो फौजदाराला मारत नाही, मुकादमाला मारत नाही, कितीही प्यालेला असो. घरी येऊन बायकोलाच मारतो. म्हणजे कुणाला मारायचं ते त्याला पिऊनही कळतं. आमच्या गावात दोघांनी दारू सोडली आणि बायकोला मारणं सोडलं नाही. एकाच्या बायकोनं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळवला, आणि तिच्या बाजूनं साक्ष द्यायला चावडीमागच्या बैठकीतले दोघं गेले होते. मारायची शिक्षा मारण्यासाठी व्हावी, त्यात एक दिवसाचीही सूट नको. पिण्यासाठी मात्र उपचार आणि सोबत मिळावी. या दोन गोष्टींची गाठ आपण मारली, ती आपणच सोडवायला हवी. त्या बैठकीत बायकाही येतात, वेगळ्या बसतात, रात्री कुणाच्या घरी पळून जायचं, कुऱ्हाड-कोयता कुठं लपवायचा, कागदपत्रं कुणाकडं ठेवायची, हे ठरवतात. हानी कमी करणं त्यांच्याही जिवासाठी आहे.

आणि दाखला बंद केल्यानं कोण मरतं? उपाशी राहतात बायको आणि पोरं. हे सांगायला कुठलं शास्त्र लागत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या पाचशे जणींपैकी शंभरीच्या घरांचा तरी दाखला या ठरावानं बंद होणार आहे. बचत गटाचं तर विचारूच नका. गटातून काढलं की कर्ज बंद, मग ती मुकादमाकडून जास्त उचल घेते, जास्त उचलीसाठी जास्त तोडते, आणि कंबर आणखी दुखते. पुढचं तुम्हाला कळलं असेल.

म्हणून माझं म्हणणं असं की तिसरा ठराव मागं घ्यावा. त्या जागी लिहावं की दुकान वा भट्टी बंद करायच्या आधी पंधरा दिवस आरोग्य केंद्राला कळवू, थायमिन आणि गोळ्या तिथं आहेत का ते स्वतः जाऊन बघू, रोज सकाळी पिणाऱ्या माणसांची विचारपूस करायला त्यातून गेलेल्या माणसांनाच पाठवू आणि त्यांचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या निधीतून मागू. नशा करणारी बाई गटातच राहील. अध्यक्षबाईंची मिशरी हा वेगळा विषय, तो त्यांनी मला या लेखातून वगळायला सांगितला होता. मी वगळला नाही. त्या आठवडाभर बोलणार नाहीत.

ग्रामसभेत हे मी मांडू शकते, पण मी मांडलं तर ‘ताई फुटल्या’ एवढंच होईल. मांडायला हवं तिनं, जिला मी गटातून काढलं होतं. मी तिला तसं म्हटलं. ती बराच वेळ हातातल्या विळ्याची धार बघत बसली. मग म्हणाली, “बोलती. पन त्या दिवसानंतर हापशावर मला बाया पाणी भरू देतील का, एवढं तुमच्या मैतरिणीस्नी इचारून सांगा.”

२ ऑक्टोबरच्या आत मला तिला सांगायचं आहे.